चॉकलेट-केळ्याचा ब्रेड पौष्टिक करताना काय कमी करावे आणि काय राखावे

आपण विचारले आहे की, मैद्याऐवजी कणीक व साखरेऐवजी तितकाच गूळ घालून आणि बटर पूर्णपणे वगळून केलेला चॉकलेट-केळ्याचा ब्रेड दडस झाला, मधोमध कच्चा राहिला, चवीला किंचित कडवट लागला आणि मुलांनी तो बाजूला सारला. तर तो पौष्टिक राहूनही हलका व्हावा यासाठी काय करावे, आणि अंड्याशिवाय तो जमेल का. सर्व जिन्नस मिक्सरमधून एकत्र फिरवून घेतल्याचेही आपण लिहिले आहे. निम्म्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे, पण त्याकडे वळण्यापूर्वी पौष्टिकपणाचा हिशेब नीट मांडणे आवश्यक आहे, कारण आपण जे बदल केले त्यांपैकी काहींनी ब्रेड बिघडला आणि आरोग्याच्या दृष्टीने फारसे काही पदरात पडले नाही.

पहिली गोष्ट गुळाची. गूळ घातला की पदार्थ पथ्याचा होतो, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. गुळात थोडी खनिजे असतात आणि त्याची चव कोकोबरोबर फार छान जुळते, म्हणून मीही या ब्रेडमध्ये गूळच वापरतो. परंतु १०० ग्रॅम गुळातून साधारण ३८० कॅलरी मिळतात आणि साखरेतून ४००च्या आसपास, म्हणजे शरीराच्या लेखी दोहोंत नाव घेण्याजोगा फरक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी आणि शक्य असल्यास ती ५ टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी साधारण २५ ग्रॅमपर्यंत आणावी असे सुचवले आहे. आणि त्या मुक्त शर्करेत वरून घातलेली साखर, मध, पाक व गूळ असे सारेच येते. त्यामुळे २०० ग्रॅम साखरेच्या जागी २०० ग्रॅम गूळ घालणे ही सुधारणा नव्हे, केवळ बदल आहे. सुधारणा व्हायची असेल तर तो आकडाच खाली यायला हवा.

तो खाली आणता येतो तो केळ्याच्या बळावर. कच्च्या केळ्यातील बराचसा स्टार्च पिकताना साखरेत उतरतो आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च अगदी थोडा उरतो. सालीवर तपकिरी ठिपके दाट झालेले, देठाजवळ हिरवेपणाचा मागमूस नसलेले, सोलताना साल पातळ कागदासारखी सुटणारे आणि वासाला थोडेसे मधासारखे येणारे केळे या ब्रेडसाठी योग्य समजावे. नुसता पिवळा रंग पाहून फसू नये. बाजारात येणारी जळगावकडची केळी बहुधा रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीत, इथिलीन वायूवर (पिकताना फळे स्वतःही हाच वायू सोडतात) पिकवलेली असतात आणि ती पिवळीधमक दिसत असतानाही आतून टणक व पिठूळ असू शकतात. त्यांना घरी आणखी तीन-चार दिवस द्यावे लागतात. घाई असेल तर कागदी पिशवीत सफरचंद किंवा पिकलेला चिकू सोबत ठेवून पिशवीचे तोंड दुमडावे. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात फळे खुपसून ठेवतात त्यामागेही, फळाचाच वायू त्याच्याभोवती कोंडून ठेवण्याचे तत्त्व आहे.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी पडते, तो पिकण्याचा पुरावा नाही. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याची पिकण्याची क्रिया मंदावते आणि साल मात्र थंडीने काळवंडते. तसेच कच्ची केळी सालीसकट ओव्हनमध्ये काळी करून घेण्याची युक्ती सांगितली जाते. तिने केळे मऊ होते, पण गोडी फारशी वाढत नाही, आणि ज्या ब्रेडमध्ये आपण गूळ निम्म्याहून अधिक कमी करणार आहोत तेथे गोडीचीच गरज असते. जातीविषयी म्हणाल तर नेहमीची मोठी केळी उत्तम. वेलची केळी चवीला थोडी आंबटगोड व अधिक सुवासिक असतात आणि त्यांचाही ब्रेड सुरेख होतो, मात्र ती मोजून न घेता तोलून घ्यावीत. राजेळी केळी मात्र सुकेळी करण्यासाठी वा तुपात परतण्यासाठी ठेवावीत, ब्रेडमध्ये त्यांचा गर गुठळ्यांनी राहतो.

आता साखर कमी केल्यावर काय बिघडते ते पाहू. साखर केवळ गोडी देत नाही. ती पाणी धरून ठेवते, पिठातील ग्लुटेनला, म्हणजे चिवटपणा आणणाऱ्या प्रथिनाला, फार घट्ट विणू देत नाही आणि वरचा पापुद्रा तांबूस करते. ती काढली की ब्रेड कोरडा, चिवट व फिकट होण्याकडे झुकतो. स्निग्धांशाचेही तेच; तेल किंवा बटर पिठाच्या कणांवर पसरते आणि त्यामुळे ब्रेड खुसखुशीत राहतो. आपण साखर तेवढीच ठेवली, स्निग्धांश शून्य केला आणि कणकेसारखे ग्लुटेनयुक्त पीठ मिक्सरमध्ये जोराने फिरवले. परिणामी पोळीच्या कणकेसारखे चिवट जाळे तयार झाले आणि केळ्याचा गर चिकट खळ होऊन बसला. अशा मिश्रणातून वाफ व वायू नीट वर येत नाहीत, वरचा भाग आधी भाजून बंद होतो आणि तळाशी बोटभर जाडीचा ओलसर, गडद, गिच्च थर उरतो. कापल्यावर तो थर दिसला असेल तर ब्रेड कच्चा राहिला एवढेच कारण नसून तो आधी जास्त घोटला गेला असे समजावे.

म्हणून कपात कोणत्या क्रमाने करावी याविषयी माझे मत ठाम आहे. सर्वांत आधी चॉकलेट चिप्स, नंतर साखर, त्यानंतर स्निग्धांश आणि तोही मर्यादेतच. पिठाचा क्रमांक शेवटचा. बहुतेक जण नेमके उलट करतात, मैदा आधी काढतात आणि मूठभर चिप्स तशाच ठेवतात.

एका मध्यम लोफसाठी, म्हणजे लांबट साच्यातील ब्रेडसाठी, मी जे प्रमाण वापरतो ते असे. सोललेली पिकलेली केळी ३२० ग्रॅम, म्हणजे साधारण ३ मोठी, बारीक दळलेली कणीक १६० ग्रॅम, नाचणीचे पीठ ५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३० ग्रॅम, किसलेला गूळ किंवा गूळ पावडर ७० ग्रॅम, वास नसलेले तेल ६० ग्रॅम, २ अंडी, ताजे पण किंचित आंबटसर दही ६० ग्रॅम, ३ मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली, कडकडीत पाणी व त्यात छोटा चमचाभर इन्स्टंट कॉफी, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, भरड चिरलेले अक्रोड ५० ग्रॅम, आणि ७० टक्के कोको असलेले डार्क चॉकलेट ४० ग्रॅम, सुरीने बारीक चिरून. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला. घरातील पोह्यांचा चमचा याच्याहून मोठा असू शकतो, आणि सोड्याच्या बाबतीत एवढा फरकही जिभेला कळतो. आपल्याला जाणवलेला कडवटपणा बहुधा त्याचाच आहे, कारण आंबटपणा अपुरा पडला की उरलेला सोडा तसाच जिभेवर येतो.

या प्रमाणात १२ काप होतात. गुळातून व चॉकलेटमधून येणारी शर्करा प्रत्येक कापामागे ६ ते ७ ग्रॅम पडते. २०० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम चिप्स घातलेल्या नेहमीच्या ब्रेडमध्ये हाच आकडा २० ग्रॅमच्या पुढे जातो. तंतुमय घटक कापामागे ४ ग्रॅमच्या आसपास येतात. ऊर्जा मात्र साधारण २२० कॅलरी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अक्रोड, तेल आणि कणीक यांची ऊर्जा कोठे जाणार? हा ब्रेड न्याहारीला किंवा मधल्या वेळी एक काप खाण्याचा पदार्थ आहे, वजन उतरवण्याचा नव्हे. नाचणीविषयीही असेच सांगतो. नाचणीतील कॅल्शियमचे प्रमाण खरोखर उत्तम आहे, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. पण येथे एका कापात ती जेमतेम ४ ग्रॅम येते, तेव्हा कॅल्शियमसाठी नाचणी घातली असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत काढणे होय. मी ती घालतो ती तिच्यात ग्लुटेन नसल्यामुळे कणकेचा चिवटपणा कमी होतो म्हणून, आणि तिची भाजकी, मातकट चव कोकोत चांगली मुरते म्हणून. संपूर्ण ब्रेड नाचणीचा करायला गेल्यास तो कापताना भुगा होतो.

कोको घेताना डब्यावरील घटकांची यादी वाचावी. त्यात केवळ कोको लिहिलेले असेल तर ती नैसर्गिक, म्हणजे किंचित आम्लधर्मी पावडर होय. आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ असा क्रमांक दिलेला असेल तर ती अल्कलीने प्रक्रिया केलेली, गडद रंगाची व सौम्य चवीची पावडर असते. डच पद्धतीची पावडर म्हणतात ती हीच. या प्रक्रियेत कोकोतील फ्लॅव्हनॉल नावाचे उपयुक्त घटक बऱ्याच अंशी घटतात, म्हणून आरोग्याचा विचार असेल तर नैसर्गिक पावडर घ्यावी आणि तिच्या आम्लतेचा फायदा घेऊन सोडा अर्ध्याऐवजी पाऊण चमचा व बेकिंग पावडर एक चमचा करावी. गडद पावडर वापरल्यास वर दिलेले प्रमाण योग्य आहे. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा मात्र येथे चालत नाही, कारण त्यात बहुतांश साखरच असते. तशीच काळजी चॉकलेटच्या लादीची. बाजारात कम्पाउंड या नावाने मिळणाऱ्या लादीत कोको बटरऐवजी अन्य वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ आणि भरपूर साखर असते. ती स्वस्त असते, पटकन वितळते आणि जिभेवर मेणासारखा थर सोडते. चाळीस ग्रॅमच घालायचे आहे, तर ते खरे चॉकलेट असावे.

आता कृती. केळी काट्याने किंवा बटाटे कुस्करण्याच्या साधनाने कुस्करावीत आणि त्यात वाटाण्याएवढे तुकडे राहू द्यावेत. त्यात दही व नाचणीचे पीठ घालून २० मिनिटे झाकून ठेवावे. नाचणीत ग्लुटेन नसल्याने ती भिजण्यात धोका नाही, उलट न भिजवता घातल्यास दाताखाली रेती आल्यासारखे वाटते. दुसरीकडे तेल कोमट करून त्यात कोको चाळून घालावा, वर कॉफीचे कडकडीत पाणी ओतावे आणि चकचकीत लगदा होईपर्यंत ढवळावे. कोको असा गरम तेल-पाण्यात फुलवला की त्याच्या गुठळ्या मोडतात आणि त्याचा स्वाद खुलतो. थोड्या साखरेत चॉकलेटची चव भरून यावी यासाठी हीच पायरी सर्वांत उपयोगी आहे. कॉफीची चव वेगळी कळत नाही. लगदा गरम असतानाच त्यात गूळ विरघळवावा, कोमट झाल्यावर अंडी एकेक करून फेटून घालावीत आणि हे सारे केळ्याच्या मिश्रणात ओतावे.

कणीक, बेकिंग पावडर, सोडा व मीठ दोनदा एकत्र चाळावे आणि चाळणीत राहिलेला कोंडा परत त्यातच टाकावा. हे कोरडे मिश्रण ओल्यावर पसरून उलथण्याने तळातून वर असे हलकेच परतत कालवावे. रवी, मिक्सर, बीटर यांपैकी काहीही येथे घेऊ नये. पिठाची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबावे, गुठळी राहिली असे वाटले तरी थांबावे. अक्रोड व चॉकलेट कणीक निम्मी मिसळली असतानाच टाकावे म्हणजे नंतर वेगळे घोटावे लागत नाही. तयार मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट असते, चमच्यातून धारेने न पडता थबकत, गोळ्याने पडते. फारच घट्ट वाटल्यास चमचाभर दूध घालावे, कारण प्रत्येक चक्कीची कणीक सारखे पाणी घेत नाही. अक्रोडाऐवजी सूर्यफुलाच्या बिया घातल्यास दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती हिरवट डाग दिसतात. बियांमधील क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी होणारी ती प्रक्रिया आहे, बुरशी नव्हे.

साडेआठ बाय साडेचार इंचांच्या साच्यात बटर पेपर लांबट पट्टीने घालून मिश्रण ओतावे आणि वेळ न दवडता भाजायला ठेवावे, कारण सोडा दह्याला लागताच काम सुरू करतो. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, १७० अंश सेल्सिअसवर किमान १५ मिनिटे तापलेला असावा. साचा खालून दुसऱ्या जाळीवर ठेवून वरची व खालची अशा दोन्ही कॉइल चालू ठेवाव्यात. ३५ मिनिटांनी वरचा भाग गडद होऊ लागला तर फॉइल सैलसर टाकावी. एकूण ५० ते ६० मिनिटे लागतात. कोकोमुळे रंगावरून भाजल्याचा अंदाज येत नाही, म्हणून मधोमध विणायची सुई खुपसून पाहावी. सुईला दोन-चार ओलसर कण चिकटले तर चालतात, ओले पीठ चिकटता कामा नये. चॉकलेटच्या तुकड्यात सुई गेली तर फसगत होते, म्हणून दोन ठिकाणी पाहावे. स्वयंपाकघरात थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश हे खात्रीचे उत्तर आहे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि सात इंचांचा गोल साचा ठेवून झाकण लावून मंद आचेवर ५० मिनिटे भाजता येते. वरचा भाग तांबूस होत नाही, पण कोकोच्या ब्रेडमध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

अंड्याशिवाय हा ब्रेड नक्की जमतो, परंतु अंडे वगळून बाकी सारे तसेच ठेवल्यास तो खचतो. दीड मोठा चमचा भाजून दळलेले जवस ४ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटे भिजवून बुळबुळीत होऊ द्यावे, दही ६० ऐवजी १०० ग्रॅम घ्यावे, कॉफीचे पाणी ३० मिलीवर आणावे आणि भाजण्याची वेळ ५ ते ८ मिनिटांनी वाढवावी. पोत अंड्याच्या ब्रेडपेक्षा थोडा ओलसर येतो, कापही जरा जाड ठेवावे लागतात. काही घरांत बेकिंग पावडरऐवजी फ्रूट सॉल्ट वापरतात; त्यातील सायट्रिक आम्ल व सोडा ओले होताच एकदम फसफसतात आणि ५० मिनिटांच्या भाजणीला पुरेल असे काही मागे राहत नाही. ढोकळ्यासाठी ते ठीक आहे, लोफसाठी नाही.

स्निग्धांश याहून कमी करायचा असेल तर तेल ४० ग्रॅमपर्यंत उतरवून तेवढ्याच वजनाचे दही वाढवता येते; त्याखाली गेल्यास दुसऱ्या दिवशी ब्रेड वातड होतो. गुळाच्या जागी खजूर हवा असल्यास ९० ग्रॅम बिया काढलेला खजूर त्याच कॉफीच्या पाण्यात भिजवून वाटावा. खजुरातही साखर भरपूर असते, पण तिच्यासोबत चोथा येतो आणि तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पोत उलट सुधारतो. स्टिव्हिया, सुक्रालोज यांसारखे बिनसाखरेचे गोडवे मी या ब्रेडमध्ये सुचवत नाही, कारण ते गोडी देतात पण साखरेचे पाणी धरण्याचे काम करत नाहीत. शिवाय वजन नियंत्रणासाठी असे पदार्थ वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचवले आहे, अर्थात ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर गूळ की साखर या वादापेक्षा एका कापातील एकूण कर्बोदके महत्त्वाची, आणि पिकलेले केळे, कणीक व नाचणी ही सारी त्यात मोजली जातात. तेव्हा काप अर्धा करून, तो जेवणानंतर गोड म्हणून नव्हे तर न्याहारीच्या हिशेबात धरून आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा.

भाजून झाल्यावर ब्रेड १५ मिनिटे साच्यात व नंतर जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावा. गरम असताना कापल्यास आतील वाफ निघून जाते आणि सुरीला गर चिकटतो. गूळ व केळ्याचा ओलावा रात्रभरात सारखा पसरतो आणि कोकोची चवही दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते, म्हणून शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी भाजावा. साखर कमी असल्याने तो नेहमीच्या केकइतका टिकत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाहेर एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. फ्रिजमध्ये स्टार्च आवळल्यामुळे ब्रेड घट्ट होतो, त्यामुळे आधीच काप करून, मध्ये बटर पेपरचे तुकडे घालून फ्रीजरमध्ये ठेवणे अधिक चांगले. तेथे तो दोन महिने राहतो, आणि डब्यासाठी लागेल तसा एकेक काप काढून कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे शेकला की कडा कुरकुरीत होतात व आतील चॉकलेट पुन्हा मऊ पडते.